पोहण्याचा हौद: काँक्रीटचा की फायबरचा?

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करायच्या वेळी दापोलीकडचे एक जुने परिचित आले. वय सत्तरच्या पुढे. सारे गाव त्यांना आबा म्हणते, आम्हीही आबाच म्हणतो. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी आबा उठेनात. मग पिशवीतून दोन रंगीत माहितीपत्रके काढून त्यांनी टेबलावर ठेवली. म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्हीच काय ते सांगा. मुलगा म्हणतो हौद काँक्रीटचा बांधू, सूनबाई म्हणतात फायबरचा आणू. घरात आठ दिवस दुसरा विषय नाही."

आबांच्या मुलाने घरामागच्या आगरात पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. मे महिन्यात आणि नाताळात मुंबई-पुण्याची मंडळी उतरतात. समुद्र पंधरा मिनिटांवर आहे, पण खोली ठरवण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "स्विमिंग पूल आहे का?" काळाचा महिमा, दुसरे काय! आपल्या किनाऱ्यावर आणि घाटावरही आता अशा घरगुती तलावांची संख्या वाढते आहे, म्हणून आबांना दिलेले उत्तर या सदरातून सर्वांसाठीच देतो.

मी बांधकामातला माणूस नव्हे. माझा मावसभाऊ स्थापत्य अभियंता आहे, त्याच्याशी बोलून घेतले. पण हौदाच्या भिंतीचा आणि पोहणाऱ्याच्या प्रकृतीचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

दोन्हींत फरक काय?

काँक्रीटचा हौद जागेवरच बांधतात. खड्डा खणायचा, सळयांचा पिंजरा उभा करायचा, त्यात काँक्रीट ओतायचे किंवा दाबाने फवारायचे, मग वॉटरप्रूफिंग, गिलावा आणि आपल्याकडे बहुधा त्यावर फरशा. हवा तो आकार, हवी ती खोली मिळते. मात्र काँक्रीटला पाणी मारत ठेवावे लागते, त्याची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजतात, आणि सारे काम उरकायला दोन-तीन महिने सहज जातात.

फायबरचा हौद कारखान्यात साच्यावर तयार होतो. काचेच्या तंतूंचे आणि रेझिनचे थर एकावर एक चढवतात. आतल्या बाजूला जेलकोट नावाचा गुळगुळीत रंगीत लेप असतो. पायऱ्या साच्यातच घडवलेल्या असतात. हे अख्खे भांडे ट्रकवरून येते, क्रेनने उचलून खड्ड्यातल्या सपाट गादीवर बसवतात आणि भोवती भराव घालता घालता आत पाणी भरत जातात. खड्डा तयार असेल तर काही दिवसांत काम होते. अडचण एकच, पण मोठी. रस्त्यावरून जेवढे रुंद भांडे येऊ शकेल तेवढाच रुंद हौद.

आबांनी मध्येच विचारले, "फायबरने कॅन्सर होतो म्हणतात, ते खरे का?" ही भीती पुष्कळांना असते. ती बहुधा अॅस्बेस्टॉसवरून आलेली आहे. अॅस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे हे निर्विवाद, पण तो वेगळा पदार्थ. फायबरग्लासचे तंतू रेझिनमध्ये घट्ट बसलेले असतात, त्यावर जेलकोट असतो. अशा हौदात पोहल्याने अंगात तंतू जात नाहीत. कापताना, घासताना उडणारी भुकटी मात्र कातडीला खाज आणते, डोळ्यांना आणि घशाला त्रास देते. ते काम कारागिराने मास्क लावून करावे आणि त्या वेळी मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

शेवाळ कुठे धरते?

आता मुख्य मुद्दा. पाण्यातले जंतू मोकळ्या पाण्यात क्लोरीनने लवकर मरतात. पण खरखरीत पृष्ठभागावर, भेगेत, फरशांच्या सांध्यांत ते बुळबुळीत थर करून बसले की त्या थराखाली क्लोरीन नीट पोचत नाही. विहिरीच्या पायरीवरचे शेवाळ आठवा. हाताने घासल्याशिवाय ते जात नाही. सिमेंटचा नुसता गिलावा असलेला हौद या बाबतीत सर्वांत वाईट. त्यात लहान मुलांची पायांची बोटे आणि गुडघेही सोलून निघतात. फरशा लावल्या की पृष्ठभाग सुधारतो, पण सांधे उरतातच. फायबरच्या जेलकोटला सांधेच नसतात. शेवाळ कमी धरते, घासायला सोपे जाते, क्लोरीनही थोडा कमी लागतो. निव्वळ स्वच्छतेचे गुण द्यायचे तर फायबरला जास्त द्यावे लागतील.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात त्याची. क्लोरीन पाण्यात टाकला म्हणजे काम झाले असे नाही. सामू 7.2 असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. सामू 7.5 झाला की निम्मा राहतो. 8 च्या वर गेला की जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे क्लोरीन तोच, खर्च तोच, गुण मात्र चौथाई. आणि नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो, त्यामुळे काँक्रीटच्या नव्या हौदात सामू सारखा वर चढतो. पहिले काही महिने तर फारच. कोकणातल्या जांभ्या दगडातील पुष्कळ विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते. असे पाणी सिमेंटमधला चुना आणखी ओढून घेते आणि सांधे खात जाते. घाटावरच्या बोअरिंगच्या जड पाण्याची तऱ्हा उलटी. तिथे भिंतीवर पांढरा थर धरतो आणि तोही खरखरीतच असतो.

यावर उपाय आहे, तो म्हणजे रोज मोजणे. पोहण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.8 असावा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणी करतो ती वाचकांनी पाहिली असेल. थेंब टाकला की पाणी पिवळे होते. ती पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे, पण मोकळा क्लोरीन किती आणि घामा-लघवीशी जुळून निकामी झालेला किती, हे तिच्यात नीट कळत नाही. तलावासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घ्यावी. तिची छोटी पेटी सामूच्या चाचणीसकट मिळते.

आबांचा हौद 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 4 फूट खोल व्हायचा आहे. म्हणजे 800 घनफूट, सुमारे 22,600 लिटर पाणी. एवढ्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायचा तर चांगली टीसीएल पावडर साधारण 70 ग्रॅम लागते. 'चांगली' हा शब्द महत्त्वाचा. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, आणि आपल्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली की तो भराभर उडतो. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच हौदात टाकावी. कडक उन्हात काही तासांतच क्लोरीनचा बराच भाग नाहीसा होतो, म्हणून संध्याकाळी टाकावा आणि सकाळी मुले उतरण्यापूर्वी पुन्हा मोजावा.

इथेच एक धोक्याची सूचना. सामू खाली आणण्यासाठी किंवा फरशांवरचे डाग काढण्यासाठी अॅसिड वापरतात. अॅसिड आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच बादलीत नाही, एकाच मापाने नाही, एकाच कपाटात शेजारीशेजारी नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

पाण्यातून येणारे आजार

पोहून आल्यावर डोळे लाल झाले की लोक म्हणतात, "क्लोरीन जास्त झाला." बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, ते डोळ्यांना झोंबतात. तलावाचा जो उग्र वास येतो तोही त्यांचाच. स्वच्छ तलावाला फारसा वास नसतो. म्हणून आत उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ आणि लहान मुलांना लघवीला नेऊन आणणे, हा नियम पाहुण्यांनाही सांगायला लाजू नये.

कान दुखणे हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास. स्यूडोमोनास नावाचा जंतू बाह्यकर्णाला सूज आणतो. कानाची पाळी ओढली की कळ येते. कान कोरडे ठेवावेत, काडी घालू नये, आणि पडदा फाटला आहे की शाबूत हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरचे तेल किंवा थेंब टाकू नयेत. जुलाब होत असलेल्याने पाण्यात उतरूच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभराहून अधिक टिकतो. त्याचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यावर आणखी दोन आठवडे थांबावे.

केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदू खाणाऱ्या अमिबाच्या बातम्या आल्या, तेव्हा पुष्कळांनी घाबरून विचारणा केली. नेग्लेरिया हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. तो फार दुर्मीळ आहे, पण झाला तर वाचणारे थोडे. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेल तर तो टिकत नाही. तेव्हा घाबरायचे ते हिरवट, साचलेल्या, क्लोरीन नसलेल्या हौदाला. मग तो फायबरचा असो की काँक्रीटचा.

गुळगुळीतपणाचे दुखणे

फायबरच्या बाजूने इतके लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यात पाय घसरलेला माणूस, पोहता येत असले तरी, बाहेर येऊ शकत नाही. हात टेकायला, पाय रोवायला काही सापडत नाही. दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो. फायबरच्या हौदाची भिंत इतकी घसरडी नसते आणि त्याला पायऱ्याही असतात, पण तळाला आणि पायऱ्यांना खडबडीत, न घसरणारी नक्षी आहे ना, हे हात फिरवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. काठाला धरायला कठडा हवा. काँक्रीटच्या हौदातही वरच्या काठाला गुळगुळीत ग्रॅनाइट लावण्याची हौस टाळावी. ओल्या ग्रॅनाइटवर आपटून मनगट आणि कंबर मोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

खोलीबद्दल माझे मत ठाम आहे. घरच्या हौदाला चार फूट पुष्कळ झाले. मुलगा आठ फूट म्हणत होता, कारण काँक्रीटमध्ये हवी तेवढी खोली मिळते. मिळते म्हणून घ्यायची कशाला? मात्र चार फूट पाण्यात सूर मारायचा नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. विहिरीत उड्या मारण्याची सवय असलेले तरुण उथळ पाण्यात डोक्यावर उडी घेतात, मान मोडते आणि हातपाय कायमचे लुळे पडतात.

तळाच्या जाळीकडेही लक्ष द्यावे. पंप तिथून पाणी ओढतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये गरम पाण्याच्या हौदात तळाच्या जाळीला ओढली गेली आणि दगावली. त्यानंतर 2007 मध्ये तिथे सुरक्षित झाकणांचा कायदा झाला. आपण जाळी फुगीर, न तुटणारी घ्यावी, ओढीची तोंडे एकमेकांपासून दूर दोन ठेवावीत आणि जाळी निघाली असेल त्या दिवशी पंप लावू नये. पंपाच्या विजेला 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी हवाच.

पावसाळ्यात

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि श्रावणात विहिरी काठोकाठ येतात. जमिनीतले पाणी वर आले असताना हौद रिकामा केला तर खालून दाब येतो. भरलेल्या बादलीत रिकामे पातेले दाबून पाहा, ते कसे उसळते! फायबरचे भांडे हलके, ते खड्ड्यातून उचलले जाते किंवा त्याचा तळ फुगतो. काँक्रीटचा हौद जड असतो, पण त्यालाही भेगा पडतात. म्हणून जून ते सप्टेंबर हौद रिकामा करू नये. बांधतानाच दाब सोडणारी झडप आणि भोवती पाण्याचा निचरा ठेवावा.

पण भरलेला आणि बंद पडलेला हौद म्हणजे डासांचे माहेरघर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पाहुणे नसले तरी पंप रोज काही तास चालवावा, क्लोरीन राखावा. ते जमणारच नसेल तर क्लोरीन पूर्ण बंद करून, चार-आठ दिवसांनी त्यात गप्पी मासे सोडावेत. क्लोरीन असताना सोडले तर मासेच मरतील.

एप्रिल-मेचा प्रश्न निराळा. तेव्हा विहिरी तळ गाठतात आणि कित्येक वाड्यांवर टँकर येतात. हौदाचे पाणी गाळून तेच वापरले तरी आबांच्या हौदातून उन्हाने रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी उडून जाईल. वापर नसताना वर आच्छादन घातले की त्यातले बरेच वाचते. हे आच्छादन म्हणजे कुंपण नव्हे. सैल आच्छादनावर मूल चढले तर ते त्यात गुरफटून खाली जाते.

आबांचा नातू

सारे सांगून झाल्यावर मी आबांना विचारले, "धाकटा नातू केवढा झाला?" म्हणाले, "तीन वर्षांचा. एका जागी ठरत नाही."

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले. लहान मूल बुडताना हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. ते गुपचूप खाली जाते आणि दोन-चार मिनिटांत खेळ आटोपतो. त्यावर ना काँक्रीटचा इलाज आहे, ना फायबरचा. इलाज आहे तो चारी बाजूंच्या कुंपणाचा. ऑस्ट्रेलियात घरच्या तलावाभोवती निदान 1.2 मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक कायद्यानेच लागते. घराची भिंत चौथी बाजू धरू नये, कारण घराचे दार त्या बाजूला उघडते आणि मूल त्याच दारातून जाते. कुंपणाच्या गजांना मधे आडव्या पट्ट्या नसाव्यात, त्या मुलांना शिडीसारख्या होतात. कुंडी, खुर्ची, लाकडाचा ओंडका कुंपणाला टेकवून ठेवू नये. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त बघत बसायचे, मोबाइल बाजूला ठेवून.

आणि तरीही प्रसंग आलाच तर? मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यात मोलाचा वेळ जातो, आणि ओकारी फुप्फुसात जाऊन हानी होते. मूल श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे ठेवावे, हनुवटी वर करावी आणि आधी तोंडाने श्वास द्यावा, निदान दोनदा. मग छातीच्या मध्यभागी 30 वेळा दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने 108 ला फोन करावा. मूल शुद्धीवर आले, रडू लागले, तरी त्याला दवाखान्यात आणावेच. खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते. घरात हौद बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबातल्या दोघांनी तरी हे प्रात्यक्षिक पाहून शिकून घ्यावे. कोणी चौकशी केली तर मी दाखवायला तयार आहे.

आबांच्या मूळ प्रश्नाला मी असे उत्तर दिले. हौद घरच्यांपुरता असेल, रोज घासायला माणूस नसेल, तर फायबरचा. कायम देखभालीला माणूस ठेवणार असाल आणि वीस-पंचवीस पाहुणे उतरणार असतील, तर काँक्रीटचा, पण फरशा लावून आणि सांधे पक्के भरून. नुसत्या गिलाव्याचा नको.

पुढे गंमत झाली. फायबरवाल्याचा माणूस माप घ्यायला आला. आगराकडे जाणारी गल्ली दोन्ही बाजूंच्या गडग्यांमुळे सात फुटांचीच निघाली, वर शेजाऱ्यांच्या फणसाची फांदी आडवी. गडगा पाडायला शेजारी तयार नाहीत आणि फांदी तोडायला आबा. तेव्हा काँक्रीटचाच बांधायचे ठरले आहे. नोकरीला एक माणूसही पाहिला आहे.

परवा सूनबाईंचा फोन आला होता. हौदाचा खड्डा अजून खणायचा आहे, पण जाळीवाल्याने कुंपणाचे माप आधी घेतले. कुंपण पाच फूट उंच करणार आहेत. फाटकाची कडी कुठे लावायची, असे विचारत होत्या. वरच्या टोकाला, हौदाच्या बाजूने, मोठ्या माणसाने वरून हात घालून उघडावी अशी, आणि फाटक हौदाकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला उघडणारे करा, असे सांगितले.